परीक्षेच्या खोलीतला दुसरा चेहरा

नमस्कार मित्रांनो. संगणकाच्या पडद्यावर मधोमध बसणारा, काड्यापेटीहून थोडा मोठा, काळ्या रंगाचा एक कॅमेरा तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. त्याला वेबकॅम म्हणतात. मी त्यातलाच एक, आता बराच जुना झालेला. मला डोळा एकच. त्याच्या शेजारी बारीकसा हिरवा दिवा आहे. माझा चिमटा केव्हाच मोडला, म्हणून मला दोऱ्याने बांधून ठेवले आहे. वायरीला चिकटपट्टीचे ठिगळ आहे. पण निपाणीतल्या या घरात मला काही कमी नाही. इथल्या माणसांचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्यांची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर मला एक पुठ्ठा दाखवला गेला. त्यावर काळेपांढरे चौकोन होते. ते मला स्वच्छ दिसले, म्हणून एका बाईंनी माझ्या पोटावर छोटा कागद चिकटवला आणि मला खोक्यात ठेवले. या जगात मी पहिल्यांदा पाहिले ते चौकोन आणि त्या बाईंचे पांढरे हातमोजे. पुढे बरेच दिवस अंधारच होता. जहाजातून, मग ट्रकमधून माझा प्रवास झाला म्हणे. मला फक्त हादरे आठवतात. खोके उघडले, तेव्हा मी बेळगावातल्या एका दुकानात होतो.

त्या वेळी मोठी साथ आली होती आणि शाळा बंद होत्या. बेळगावातल्याच शहापूर भागात एका बोळात नागेंद्र सर गणिताची शिकवणी घेत असत. त्यांनी मला घरी नेले आणि फळ्यासमोर स्टुलावर बसवले. सर खडूने फळा भरत आणि मी तो गावोगावच्या मुलांना दाखवत असे. शेजारच्या घरात मागावर साड्या विणल्या जात. मागाचा खटखटाट मुलांना ऐकू जाई. "सर, तिकडं काय ठोकालेत?" असे कुणीतरी हमखास विचारी. मग शेजारच्या विणकरांनी एक केले. सरांचा तास सुरू झाला की ते माग थांबवून चहाला उठू लागले. कुणी तसे करायला सांगितले नव्हते. त्या शांततेची मला अजून आठवण येते.

बेळगुंदीच्या एका मुलीची आई शेतातून आल्यावर तिच्या फोनमध्ये डोकावली आणि म्हणाली, "सर अगदी म्होरं बसल्यागत दिसत्यात की." माझे कुणी केलेले हे पहिले कौतुक. म्हटले तर कौतुक सरांचे होते, पण थोडे मीही माझ्याकडे ठेवून घेतले.

पुढे शाळा उघडल्या. मुले सायकली घेऊन बोळात येऊ लागली. सरांना आनंद झाला आणि मला एका खोक्यात खडूंच्या डब्यांशेजारी जागा मिळाली. खोके माळ्यावर गेले. खालून मुलांचा दंगा ऐकू येई, पण मला कुणी हाक मारत नव्हते. माझ्या डोळ्यावर खडूची पूड बसली. एका पालीने माझ्या वायरीजवळ अंडी घातली. आपले काम संपले, असे मी धरून चाललो होतो.

त्याच बोळात वरच्या खोलीत दीपंकर नावाचा तरुण भाड्याने राहत असे. तो एका खाजगी कचेरीत हिशेबनीस होता. सरांनी शिकवणी दुसरीकडे हलवली, तेव्हा माळा रिकामा करायला तो मदतीला आला. त्याने मला उचलले आणि फुंकर मारून माझी काच पाहिली.

"सर, ह्यो चालतोय काय?"

"चालत असावा. तुला कशाला?"

"आक्काला पायजे. तिच्या लॅपटॉपचा कॅमेरा धुरकट झालाय आणि तिची परीक्षा आलीय तोंडावर."

"मग घेऊन जा," सर म्हणाले. एवढ्या तीन शब्दांनी माझे आयुष्य बदलले. त्या शनिवारी दीपंकरच्या पिशवीत कुंदा या बेळगावी मिठाईच्या डब्याशेजारी बसून मी निपाणीला आलो.

दीपंकरचे घर तंबाखूच्या वखारींच्या मागच्या वस्तीत आहे. त्याचे वडील सत्याप्पा यांनी जन्मभर त्या वखारीत पोती उचलली. आई सोनुबाई विड्या वळत असत. आता दोघेही थकले आहेत. सत्याप्पांच्या छातीत तंबाखूची धूळ बसली आहे, ती खोकल्यातून बोलते. पण दोन्ही मुले शिकली. थोरली मैत्री निपाणीतल्या एका कॉलेजात संगणक शिकवते आणि आईवडिलांबरोबर राहते.

एकदा तिच्या वर्गातल्या एका मुलीचे खाते कुणीतरी फोडले आणि तिच्या नावाने वाईट मजकूर सगळीकडे पाठवला. ती मुलगी रडत मैत्रीकडे आली. मैत्री तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेली, पण हे कसे घडले असेल असे तिथे विचारले तेव्हा तिला नीट सांगता आले नाही. घरी येऊन ती भावाला फोनवर म्हणाली, "मी संगणक शिकवते आणि मलाच ते सांगता आलं न्हाय." त्यानंतर तिने सायबर सुरक्षेच्या एम.टेक.ला नाव घातले. नोकरी आणि आईवडिलांना सोडून बेंगळुरूला जाणे शक्य नव्हते, म्हणून ती घरूनच, ऑनलाइन शिकत होती. मी आलो, तेव्हा तिचे एक वर्ष पार पडले होते.

मला लॅपटॉपला जोडले आणि माझा दिवा लागला. सोनुबाईंनी लगेच डोक्यावरून पदर घेतला.

"ह्यो बघतोय व्हय आपल्याला?"

"दिवा लागला तरच बघतोय, आई. बंद केला की झोपतोय."

"आणि झोपल्याचं सोंग घेतलं असंल तर?"

मैत्री त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हसून म्हणाली, "आमच्या मॅडमनी पहिल्या तासाला हाच प्रश्न विचारला हुता. दुसऱ्याचा कॅमेरा गुपचूप चालू करणारी माणसं असत्यात. ती कशी करत्यात आणि तेंना कसं अडवायचं, तेच शिकायलोय आमी."

सोनुबाईंनी ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची एक टोपी शिवली. माझे काम नसले की ती माझ्या डोळ्यावर चढवतात. मला तिचा कधी राग आला नाही. टोपी असली की घरातली माणसे मोकळेपणाने वावरतात, हे मला ऐकू येते.

रविवारी सकाळपासून मैत्रीचे तास असत. पडद्यावर देशभरातले विद्यार्थी चौकटींत दिसत. कुणी बँकेत नोकरीला, कुणी लष्करातून निवृत्त झालेला, कुणी मांडीवर बाळ घेतलेली. त्यांचे शिक्षण मला फार नवलाचे वाटे. चांगले कुलूप कसे करावे हे शिकण्यासाठी ते आधी कुलूप कसे फुटते ते शिकत. पण फोडून पाहायचे ते स्वतःचेच, किंवा ज्याने परवानगी दिली आहे त्याचे. हे त्यांच्या मॅडम प्रत्येक तासाला सांगत. सोनुबाई बाजूला शेंगा सोलत ऐकत बसत. त्यांना इंग्रजी कळत नसे, पण लेकीचा आवाज कधी चढला, कधी अडखळला, हे त्यांना कळे.

मग सेमिस्टरची परीक्षा आली. परीक्षा घरूनच द्यायची होती आणि पर्यवेक्षक म्हणून मी आणि एक सॉफ्टवेअर असे दोघे होतो. मी खोली दाखवायची आणि सॉफ्टवेअरने खोलीत किती माणसे आहेत ते मोजायचे. सुरुवातीला मैत्रीने मला हातात धरून सगळीकडे फिरवले. दार, कपाट, कपडे वाळत घातलेली दोरी, दिनदर्शिका, भिंतीवरची तसबीर, पलंगाखालची ट्रंक, सगळे दाखवून झाले. पडद्यावर "खोली ठीक आहे" असा संदेश आला आणि पेपर सुरू झाला.

त्या दिवशी सोनुबाईंनी चूल पेटवली नाही, कारण कुकरची शिट्टी होईल. सत्याप्पा तर घराबाहेर उंबऱ्यावर जाऊन बसले. खोकला आला की ते टॉवेल तोंडात धरून दाबत. मैत्रीने मान वर न करता पेपर लिहिला. संपल्यावर ती बाहेर गेली आणि वडिलांना म्हणाली, "आप्पा, बरा गेला. आता खोका किती खोकायचं ते." सगळे हसले. पेपर चांगला गेला होता, हे मी अगदी समोरून पाहिले होते.

काही दिवसांनी सकाळी विद्यापीठाचा ईमेल आला. मैत्री तो वाचू लागली आणि तिचा चेहरा उतरत गेला. परीक्षेच्या वेळी खोलीत दुसरी व्यक्ती आढळल्याने तुमचा निकाल रोखून ठेवला आहे, असे त्यात लिहिले होते. समितीसमोर खुलासा द्यावा लागणार होता. खुलासा पटला नाही तर सगळे सेमिस्टर रद्द होणार होते आणि नक्कल केल्याचा शेरा तिच्या नावावर कायमचा राहणार होता. ज्या मुलीने दुसऱ्यांच्या विश्वासाची राखण करण्याचे शिक्षण घ्यायचे, तिच्याच नावावर असा शेरा!

तिने घरात सांगितले.  मग सत्याप्पा हळूच म्हणाले, "माझ्यामुळं झालं असंल. उंबऱ्यावर बसलतो मी. एकदा खोकला आवरला न्हाय मला."

"तुमी कशाला? मीच गेलते मोरीकडं," सोनुबाई म्हणाल्या. "भिताडाला चिकटून गेलते, पर गेलते."

"मोरीचं दार कॅमेऱ्यात येत न्हाय, आई."

"येत नसंल, पर पदर दिसला असंल."

दोघेही चूक आपल्याकडे ओढत होते. मला बोलता येत असते तर मी सांगितले असते की दोघांपैकी कुणीच माझ्या डोळ्यासमोर आले नव्हते. पण मला बोलता येत नाही.

ईमेलच्या शेवटी पुरावा म्हणून एक चित्र जोडले होते. मैत्रीने ते उघडले. माझ्याच डोळ्यातून घेतलेले चित्र होते ते. मैत्रीच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट होती. तिच्या खांद्याच्या वर, मागच्या भिंतीवर, लाल चौकट होती. मैत्रीने लाल चौकट मोठी करून पाहिली. निळा कोट, गोल चष्मा, रुंद कपाळ.

सोनुबाई पुढे वाकल्या. "अगं, हे तर बाबासाहेब."

मैत्रीने मान हलवली.

"मशिनीनं वळखलं न्हाय व्हय तेंना?"

"वळखलं, आई. जिता माणूस म्हणून वळखलं."

सत्याप्पा उठून तसबिरीपाशी गेले आणि तिच्याकडे पाहत उभे राहिले. वखारीत कामाला लागल्यावर त्यांनी घरात आणलेली ही पहिली वस्तू. पलंगसुद्धा नंतर आला. मैत्री अगोदर हसली आणि मग तिने ओढणीने डोळे पुसले. जुना कॅमेरा धुरकट होता, म्हणून आधीच्या परीक्षांत ही भिंत अंधुक दिसत असे. मला ती स्वच्छ दिसली होती.

पुढचा पेपर जवळ आला होता. सोनुबाईंनी सुचवले, "पेपरापुरता फुटू उतरवू या. तेनीच तर शिका म्हणून सांगितलं. तुझ्या शिक्षणापायी उतरवला तर राग धरणार न्हाईत."

 मैत्रीने थोडा विचार केला.

"उतरवायला माझी ना न्हाय, आई. पर आत्ता उतरवला तर ते म्हणतील, माणूस हुता आणि आता गेला. फुटू तिथंच राहू दे. टेबल हलवू."

दीपंकर शनिवारी आला. बाप-लेकाने मिळून टेबल तसबिरीखाली, त्याच भिंतीला लावले. विजेचे बटण लांब पडले, म्हणून वायर वाढवून घेतली. आता तसबीर माझ्या पाठीमागे गेली आणि मैत्रीच्या समोर आली. मला ती सरळ दिसेनाशी झाली. पण मैत्री वाचताना डोके वर करते, तेव्हा तिच्या चष्म्याच्या काचेत मला ती बारीकशी दिसते.

पुढचा पेपर शांतपणे पार पडला. पण आधीच्या पेपरावरचा ठपका तसाच होता. मैत्री म्हणाली, "फुटू हुता असं नुसतं सांगून चालायचं न्हाय. दाखवायला पायजे." विद्यापीठाने विद्यार्थ्यांना सरावासाठी एक खोटी परीक्षा दिलेली असते. तीत तेच सॉफ्टवेअर माणसे मोजते. मैत्रीने रविवारी ती सुरू केली आणि मला तसबिरीकडे वळवले. घरातले सगळे माझ्या समोर जमले. मला इतके महत्त्व शिकवणीच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच येत होते.

तसबीर उघडी ठेवली, सॉफ्टवेअरने एक चेहरा जास्त मोजला. तसबिरीवर उपरणे टाकले, जास्तीचा चेहरा गेला. दिवा घालवला, पुन्हा लावला, पडदा ओढला. प्रत्येक वेळी मैत्री टिपून ठेवत होती. दीपंकरने आईवडिलांच्या लग्नाचा फोटो आणून धरला.

"ह्यात किती मोजतंय बघ, आक्का."

सॉफ्टवेअरने वऱ्हाडी मंडळीसुद्धा मोजली. सोनुबाईंना फार गंमत वाटली. "आत्याबाईंना जाऊन लई वर्सं झाली की गं. आणि त्यांना परीक्षेला बसवलंय ह्येनं."

मग मैत्रीने वडिलांना सांगितले, "आप्पा, आता तुमी दारात उभे राहा बरं. फुटूवर उपरणं टाकलंय. तुमचा एकट्याचा चेहरा मोजायला पायजे."

सत्याप्पा दारात जाऊन उभे राहिले. मागून ऊन येत होते. ते मला दिसत होते. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, काळासावळा चेहरा, सगळे मी पडद्यावर दाखवत होतो. पण सॉफ्टवेअरने त्यांना मोजलेच नाही. पडद्यावर "खोली ठीक आहे" असे आले.

"मी न्हाय व्हय त्यात?" सत्याप्पांनी विचारले.

मैत्रीने मला थोडे वर केले, थोडे खाली केले. ते एक पाऊल पुढे आले. तरी नाही. ते अगदी खोलीच्या मध्यावर येऊन तोंडावर उजेड पडला, तेव्हा कुठे सॉफ्टवेअरने त्यांना मोजले.

"उजेड मागून येतोय, आप्पा. आणि सावळा चेहरा अंधारात ह्याला कळत न्हाय असं वाटतंय." मैत्रीचा आवाज बदलला होता. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिले. दीपंकरला उभे केले, स्वतः उभी राहिली. मग खुर्चीत बसून भावाला म्हणाली, "भिंतीवरचा माणूस मोजतंय आणि दारातला मोजत न्हाय. म्हणजे निरपराधाला धरतंय आणि खरंच कुणी आत आलं तर सोडतंय. ह्याच्यावर किती जणांच्या परीक्षा चालत असतील रं?"

सत्याप्पा पलंगावर बसले. "वखारीतबी असंच हुतं," ते म्हणाले. "पोती मोजायचे, हमाल न्हाय." एवढे बोलून ते पाणी प्यायला उठले.

सुनावणी ऑनलाइनच झाली. पडद्यावर तीन चौकटी होत्या. एका चौकटीत अध्यक्षबाई होत्या, दुसरीत धारवाडकडचे एक वयस्क प्राध्यापक, तिसरीत परीक्षा विभागाचा अधिकारी. मैत्रीने पांढरी साडी नेसली होती. चाचण्यांच्या टिपणांची वही तिने टेबलावर उघडून ठेवली होती. 

बोलणे इंग्रजीत चालले होते. मैत्रीने सांगितले की दुसरी व्यक्ती म्हणजे भिंतीवरची तसबीर आहे. अधिकारी म्हणाला, "असेलही. पण नियमाप्रमाणे खोलीत दुसरा चेहरा नको होता. तुम्ही लेखी ताकीद मान्य करा, आम्ही निकाल सोडतो. प्रकरण इथेच मिटेल."

निकाल मिळणार होता. सेमिस्टर वाचणार होते. दाराआड उभ्या असलेल्या सोनुबाईंना दीपंकरने कानात अर्थ सांगितला, तेव्हा त्यांनी मान डोलावली. "घे म्हणावं," त्या पुटपुटल्या.

मैत्रीने टिपणांची वही जवळ ओढली. मग म्हणाली, "सर, मी चूक केलेली नाही. ताकीद मान्य केली तर चूक केली असे होईल. मी सुरुवातीला हीच भिंत दाखवली होती आणि खोली ठीक आहे असे मला सांगितले गेले होते. परवानगी द्याल तर पुन्हा दाखवते."

अध्यक्षबाईंनी परवानगी दिली. मैत्रीने माझा दोरा सोडला, मला हातात घेतले आणि तसबिरीकडे वळवले.  मी शक्य तेवढे स्वच्छ दाखवले. आजवर मी खडूने भरलेले पुष्कळ फळे आणि पुष्कळ चेहरे दाखवले, पण इतके मन लावून कधी काही दाखवले नव्हते.

धारवाडकडच्या प्राध्यापकांनी चष्मा सारखा केला आणि कन्नडात विचारले, "ही तसबीर किती वर्षांपासून आहे, तंगी?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. मैत्रीनेही कन्नडात उत्तर दिले, "माझ्या जन्माच्या आधीपासून, सर."

मग तिने चाचण्या दाखवल्या. एकामागून एक चित्रे आली. शेवटी दारात उभे असलेले सत्याप्पा आणि खाली लिहिलेले "खोली ठीक आहे".  अध्यक्षबाईंनी विचारले, "हे कोण?"

"माझे वडील. त्या दिवशी ते बाहेर उंबऱ्यावर बसले होते, माझ्या पेपरात व्यत्यय नको म्हणून."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "ती लाल चौकट मी उघडून पाहिली नव्हती. पाहायला हवी होती. तुमच्या सगळ्या चाचण्या आम्हाला पाठवा."

नंतर वाट पाहण्याचे दिवस आले. घरात कुणी तो विषय काढत नसे. सोनुबाई माझी टोपी काढताना आणि घालताना उगाचच सावकाश करत. मग एका दुपारी ईमेल आला. मैत्री कॉलेजातून तशीच धावत घरी आली आणि उभ्या उभ्याच वाचू लागली. ठपका मागे घेतला होता. निकाल लागला होता. यापुढे सॉफ्टवेअरने लाल चौकट काढली तरी आधी माणूस ती पाहील आणि मगच विद्यार्थ्याला कळवले जाईल, असे ठरले होते. त्याच कारणाने रोखलेले आणखी काही विद्यार्थ्यांचे निकालही पुन्हा तपासले जाणार होते. अध्यक्षबाईंनी स्वतः खाली दोन ओळी लिहिल्या होत्या. प्रोजेक्टसाठी हाच विषय घ्या, मी मार्गदर्शन करीन.

"काय लिवलंय?" सोनुबाईंनी विचारले.

मैत्रीने मराठीत सांगितले. सत्याप्पांनी टॉवेलने तोंड पुसले आणि म्हणाले, "बाई चांगल्या हाईत." दीपंकरला फोन लावला गेला. त्या दिवशी सगळेच मला टोपी घालायला विसरले, आणि घरातला तो आनंद मी अगदी शेवटपर्यंत पाहिला.

मैत्रीने तोच प्रोजेक्ट केला. वर्षभर मी तिच्याबरोबर राबलो. वस्तीतल्या कितीतरी जणांना तिने विचारून, त्यांची परवानगी घेऊन माझ्यासमोर बसवले. काळे, सावळे, गोरे, म्हातारे, पदर घेतलेल्या, टोपी घातलेले. बोरगावहून तिच्या मैत्रिणी आल्या. याच काळात माझा चिमटा मोडला आणि वायर उंदराने कुरतडली. "नवा आणू या, आक्का," असे दीपंकर म्हणाला होता. मैत्री म्हणाली, "आधी हा दुरुस्त होतोय का बघ." त्याने वायर जोडली आणि चिकटपट्टी लावली. माळ्यावर पडलेल्या दिवसांची मला आठवण झाली आणि माझ्या मनात किती कृतज्ञता दाटून आली, ते मला सांगता येत नाही.

पदवीदान समारंभही काही विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन होता. मैत्रीचे नाव पुकारले, तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "मैत्री, घरचे कुणी जवळ असतील तर त्यांनाही समोर बोलवा. आम्हाला भेटायचे आहे."

सत्याप्पा बिचकले. इतके दिवस ते माझ्या समोरून जाताना वाकून जात असत. मैत्रीने त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवले. सोनुबाई शेजारी बसल्या. दीपंकर मागे उभा राहिला. "हे सत्याप्पा, माझे वडील. ही सोनुबाई, माझी आई. हा माझा भाऊ," मैत्रीने एकेकाची ओळख करून दिली. पडद्यावरच्या सगळ्या चौकटींतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. सत्याप्पांनी हात जोडले. त्यांना खोकला आला आणि या वेळी त्यांनी तो दाबला नाही.

मित्रांनो, आता मैत्री कॉलेजात सायबर सुरक्षा शिकवते. ज्या मुलांना अडचण येते, त्यांना कसे, काय घडले असेल ते नीट समजावून सांगते. मी अजून तिच्या टेबलावर आहे. माझ्यासारखे कितीतरी डोळे तुमच्याही घरात, शाळेत, खिशातल्या फोनात असतील. काम झाले की त्यांना झाकून ठेवा. दुसऱ्याचे चित्र त्याला विचारल्याशिवाय घेऊ नका. कॅमेरा थोडा मोडला म्हणून फेकून देऊ नका, दुरुस्त करून पाहा. आणि एखाद्या यंत्राने कुणावर बोट ठेवले, तर त्या माणसाशी आधी बोला. आम्ही जे दाखवतो त्याचा अर्थ लावायला माणूसच लागतो.

आता मैत्रीचा तास सुरू व्हायचा आहे. सोनुबाईंनी माझी टोपी काढली आहे आणि पदराच्या टोकाने माझी काच पुसत आहेत. पदराने पुसू नको, ओरखडे पडतात, असे मैत्री त्यांना शंभरदा सांगते. त्या "व्हय व्हय" म्हणतात आणि पुसत राहतात. मला चालते.